शाप शोधू नका, वही उघडा

पत्र, थोडक्यात: "ताई, सलाम. मी कोल्हापूरचा, वय ३८. शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात लेथ आणि एक जुनी व्हीएमसी (संगणकावर चालणारी कापकामाची मशीन) टाकून जॉबवर्क करत होतो. ते बंद पडलं. मशिनी विकल्या, तरी देणं बाकी आहे. त्याच काळात मित्रानं मला एका प्रार्थना गटात नेलं. तिथले ब्रदर म्हणाले, घराण्यावर शाप आहे, तो तुटायला 'बीज' पेरा, म्हणजे गटाला पैसे द्या. बायकोनं बचत गटातून उचललेले ४० हजार दिले. काहीच बदललं नाही. आता म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडला, पुन्हा पेरा. मधुमेहाच्या गोळ्या घेणं हाही अविश्वासच, म्हणून त्या बंद केल्यात. आमच्या जुन्या चर्चला ते 'मेलेली मंडळी' म्हणतात. देवानं मला टाकलंय का? आणि खरं कोण सांगतंय, हे ओळखू कसं?"

भाऊ, सलाम.

आधी गोळ्या. आजच डॉक्टरांना गाठा, किती दिवस बंद होत्या ते खरं सांगा आणि ते म्हणतील तशा सुरू करा. बायबलमध्ये बघा, पौल प्रेषिताचा तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाचा त्रास होता, तर पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (तुम्हाला साखर आहे, तुम्ही ते मनावर घेऊ नका). त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, तेव्हा त्याला मिलेत शहरात ठेवून पौल पुढं गेला. दोन्ही गोष्टी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत आहेत. पौलाचाही विश्वास कमी पडला, असं तुमच्या ब्रदरना म्हणायचं असेल तर त्यांनी ते सगळ्यांसमोर म्हणावं.

देवानं टाकलंय का, असं विचारलंत. अशा वेळी सगळे येशूला नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट सांगतात, मी पौल आणि बर्णबा यांच्या सोबत निघालेल्या मार्काची सांगते. पहिल्याच मोठ्या दौऱ्यात तो पंफुल्या प्रांतातून घरी परतला. का, ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिलेलं नाही. पुढच्या खेपेला त्याला न्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. मार्काच्या घराण्याची चौकशी करत कुणी बसलं नाही. त्याला पुन्हा कामाला लावलं गेलं. आणि म्हातारपणी तुरुंगातून पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारली. शापाचा प्रश्न माझ्यापुरता तिथं मिटला.

मला त्या ४० हजारांपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचा जास्त राग आला. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगला ब्लो होल (आतली पोकळी) निघालं, तर तुम्ही काय म्हणता? वाळूत ओल जास्त होती का, गॅस बाहेर पडायला वाट होती का. कास्टिंगला शाप लागलाय असं शिरोलीत कुणी म्हणालं, तर लोक हसतील. मग धंद्याच्या बाबतीत ते कसं चाललं? घराण्याचा शाप म्हटलं की कारण शोधायचं कामच संपतं. तुमचं अपयश त्यांनी तुमच्या हातातून काढून घेतलं, आणि त्यात शिकण्यासारखं जे होतं तेही गेलं.

तुमच्या लांबलचक पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी जाता जाता, तुम्ही लिहिलंय की सगळं काम एकाच कंपनीचं होतं आणि पेमेंट चार-चार महिने यायचं नाही. कारण तिथंच आहे, भाऊ! जुनी वही काढा. कुणाकडून किती यायचं होतं, कधी आलं, त्या काळात हप्ता कशातून भरला, ते तारखेनं लिहून काढा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. तुमची उद्यम नोंदणी होती का? असेल आणि काही येणं अडकलं असेल, तर चांगल्या सीएला दाखवा. प्रार्थना जरूर करा, वही उघडी ठेवून करा.

आता ओळखायचं कसं. बिरुया गावचे लोक पौलाचं ऐकून रोज शास्त्र तपासायचे, आणि त्याबद्दल 'कृत्ये' लिहिणाऱ्या लूकनं त्यांची वाखाणणीच केली आहे. अंत्युखिया शहरात पेत्र चुकला, तेव्हा पौलानं त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितलं. पेत्राला विचारता येतं आणि तुमच्या ब्रदरना येत नाही, म्हणजे ते पेत्राच्याही वरचे झाले! पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, ते कमी शिकलेल्या बायाबापड्यांना स्वतः वाचता यावं म्हणून. तुम्ही तर आयटीआय झालेले.

त्या 'बीजा'चं वचन पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायातलं. त्याच्या आधीचा आठवाही वाचा. ती वर्गणी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती, देणाऱ्याचं कर्ज फिटावं म्हणून नव्हे. शिवाय पैशावरून कुणी बोट दाखवू नये, म्हणून पौलानं मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली. तुमच्या ४० हजारांची पावती आहे का? नसेल तर लेखी मागा. मिळेल अशी मला आशा नाही, पण उत्तर काय येतं ते लक्षात ठेवा. पुढचं बीज मात्र एक रुपयाचंही नको.

तुमच्या जुन्या मंडळीबद्दल ब्रदर बोलले, त्यात थोडं तथ्य असेलही. गाळा बंद पडल्यावर तिथलं कुणी घरी आलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. हे पाळकसाहेबांना तोंडावर सांगा, त्यांना ऐकू द्या. १८५२ पासून कोल्हापुरात मिशनचं काम आहे. एका तक्रारीनं काही ढासळत नाही.

बचत गटाचा हप्ता बायकोच्या नावावर आहे, तेव्हा वही तिच्यासमोरच उघडा. मित्राशी मात्र भांडू नका. त्यानं स्वतः आजवर किती पेरलंय, एवढं त्याला एकट्याला गाठून विचारा.

— तुमची ताई