लिस्टमधले डुप्लिकेट काढताना प्रोग्राम रखडतोय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी एका पतसंस्थेत कामाला आहे, पायथन स्वतःच शिकतोय. सभासदांच्या लाखभर मोबाईल नंबरांची लिस्ट आहे, मेसेज पाठवायचेत म्हणून डुप्लिकेट काढतोय. रिकामी लिस्ट घेऊन लूप फिरवला, नंबर त्यात नसेल तरच अपेंड. हजार नंबरांना पटकन झालं, पूर्ण लिस्ट दिली तर संपतच नाही. सेट वापरला तर फटक्यात होतं पण क्रम विस्कटतो, आणि मला सभासद क्रमांकाप्रमाणेच हवेत. काय करू?

उत्तर: लॉजिक बरोबर आहे हो तुमचं, वेळ खातंय ते 'नॉट इन'. लिस्टमध्ये अमुक आहे का असं विचारलं की पायथन पहिल्यापासून एकेक बघत जातो, त्यामुळे लाख नंबर सगळे वेगळे निघाले तर जवळपास 500 कोटी तुलना होतात आणि लिस्ट दुप्पट झाली की काम चौपट. सेट नंबरचा हॅश, म्हणजे त्यावरून मोजलेला एक आकडा, काढून थेट त्या आकड्याच्या कप्प्यात बघतो, आत दहा असोत की लाख, वेळ साधारण तेवढाच.

क्रमासाठी लिस्ट(डिक्ट.फ्रॉमकीज(नंबर्स)) एवढी एक ओळ पुरते. यात प्रत्येक नंबर डिक्शनरीची 'की' (key) बनतो, एक 'की' एकदाच राहते, आणि टाकलेला क्रम टिकतो याची पायथन 3.7 पासून भाषेचीच हमी आहे. व्हर्जन जुनं असेल तर तुमचाच लूप ठेवा, फक्त बाजूला एक सेट घ्या, तपासायचं सेटमध्ये आणि अपेंड लिस्टमध्ये. मला हाच प्रकार जास्त आवडतो, मधे हवी ती अट घालता येते.

आणि ती अट तुम्हाला लागणारच आहे! एकच नंबर कुणी +91 लावून लिहितं, कुणी आधी शून्य टाकतं, कुणी मधे स्पेस सोडतं, पायथनच्या लेखी या तीन वेगळ्या स्ट्रिंग. म्हणून आधी अंक सोडून बाकी सगळं काढा, शेवटचे 10 अंक घ्या आणि मगच तुलना करा, नाहीतर एकाच माणसाला तीनदा मेसेज जाईल.

अजून एक, हे फक्त मेसेजच्या लिस्टला करा, सभासदांच्या मूळ यादीला नको. नवरा-बायको दोघंही सभासद आणि घरात फोन एकच असं खूप असतं, नंबर बघून ओळ उडवलीत तर बायकोचं नावच यादीतून जाईल. तिथे डुप्लिकेट शोधायचा तर सभासद क्रमांकावरून शोधा. आख्ख्या ओळी सेटमध्ये टाकताना 'अनहॅशेबल' असा एरर आला तर ओळ लिस्ट आहे म्हणून येतो, तिची टपल (नंतर बदलता न येणारी लिस्टच म्हणा) करून टाका, चालेल.