आधी थर्मामीटर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जनावरांना इंजेक्शन द्यायला कधी शिकवणार, हे त्यात तीनदा विचारलंयस. थर्मामीटरचा मात्र उल्लेख एकदाही नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

गाईचं तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट, कुत्र्याचं १०१ ते १०२.५, शेळीचं त्याहून थोडं जास्त. आकडे एका संध्याकाळी पाठ होतील, हात बसायला वेळ लागेल. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावायचं, गुदद्वारात सरकवून किंचित तिरका करायचा, म्हणजे टोक आतड्याच्या भिंतीला टेकतं. नुसता शेणात रुतला तर ताप असूनही आकडा कमी दिसतो. आणि शेवटपर्यंत हातातून सोडायचा नाही. एकदा आत गेला की शोधाशोध तुलाच करावी लागेल.

श्वास मात्र जनावराला हात लावण्याआधी, लांबूनच मोजायचा. माणूस जवळ आलं की तो वाढतोच. गाईची नाडी शेपटीच्या मुळाजवळ खालच्या बाजूने लागते, कुत्र्याची मांडीच्या आतून. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मग गाईच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेत, मूठ दाबून धर आणि घड्याळाकडे बघ. कोठीपोट, म्हणजे चारा साठवणारा पोटाचा मोठा कप्पा, हललं की मूठ हळूच बाहेर ढकलली जाते. निरोगी गाईत हे मिनिटाला एक-दोनदा होतं. मला पहिला आठवडाभर काहीच कळलं नव्हतं. बहुधा मी माझीच नाडी मोजत होतो.

हे सगळं कशासाठी? डॉक्टरांना फोन करून ‘जनावर आजारी आहे’ एवढंच सांगितलंस तर त्यांच्या हाती काही लागत नाही. ‘काल रात्री व्याली, सकाळपासून रवंथ नाही, बसलीय ती उठत नाही, मान पोटाकडे वळवलीय, कान गार, तापमान ९९’ असं सांगितलंस, तर ते निघतानाच कॅल्शियमची बाटली पिशवीत टाकतील. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार पडतं, कारण रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. नुसत्या नावावरून तापाचं औषध देणारी माणसं मी पाहिली आहेत. डॉक्टर ते कॅल्शियम शिरेतून देतात तेव्हा त्यांच्याकडे नीट बघ. थेंब-थेंब सोडतात आणि हृदयाच्या ठोक्यांकडे कान ठेवतात. घाई केली तर जागेवर हृदय बंद पडू शकतं. औषध कोणतं, किती आणि कुठून द्यायचं हे ठरवणं त्यांचं काम. ते तू अंगावर घेऊ नकोस.

सुईचं सोड, साधं पाजणंसुद्धा सोपं नाही. मी शिकत होतो तेव्हा पोट फुगलेल्या एका म्हशीला तेल पाजायला मला सांगितलं होतं. मी तिचं डोकं वर ताणलं, जीभ बाहेर ओढली आणि बाटली उपडी केली. ती ठसकली. मी थांबलो नाही. पोट उतरलं, पण चौथ्या दिवशी न्यूमोनियाने म्हैस गेली. तेल फुप्फुसात गेलं होतं. मालकाने मला बोल लावला नाही, कारण त्याला कारण कळलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. तू पाजशील तेव्हा तोंड जमिनीला समांतर, फार तर किंचित वर. जीभ मोकळी हवी, नाहीतर जनावराला गिळताच येत नाही. घोटाघोटाने दे, आणि ठसका लागला की डोकं लगेच सोडून दे.

घरातल्या गोळ्या जनावरांना द्यायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आता तुझ्या स्वतःच्या जिवाचं. कामाला हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घे. कुत्रं चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लस घेतलेली असली तरी थेट दवाखाना गाठायचा. पण कुत्र्याची भीती सगळ्यांनाच असते, फसवते ती गाय. पिसाळलेली गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. माणूस उघड्या हाताने तोंडात चाचपायला जातो. तू जाऊ नकोस. गाभडलेल्या जनावराची वारसुद्धा हातमोज्यांशिवाय उचलायची नाही. जनावर गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा जंतूंचा रोग माणसालाही होतो आणि महिनोन्महिने ताप सोडत नाही.

एक वही कर. महिनाभर एकाच निरोगी गाईच्या सकाळ-संध्याकाळ नोंदी ठेव: तापमान, नाडी, श्वास, भकाळीतली हालचाल, शेण कसं पडलं. ‘ठीक आहे’ असं एकदाही लिहायचं नाही. वही भरली की ये. टोचायला पहिल्यांदा संत्रं मिळेल.

तुझा,
काका