नावापुढे ‘सुपरवायझर’ लागलं म्हणून ओटी बुडतो का?

प्रश्न: वकीलसाहेब, चाकणच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन चालवतोय. डिसेंबर 2025 मध्ये ‘लाइन सुपरवायझर’चं पत्र मिळालं. पगार दीड हजारानं वाढून 26,000 झाला आणि ओटी, म्हणजे जादा तासांचा मोबदला, बंद. ‘तुम्ही आता स्टाफ, नवीन कायद्यात स्टाफला ओटी नाही,’ असं एचआर म्हणतात. महिन्याला चाळीसेक तास जादा काम सुरूच आहे, मशीनही मीच चालवतो. पगाराची स्लिप आणि प्रॉडक्शन शीटचे फोटो जोडलेत. काही करता येईल का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर: येईल, आणि जरूर करा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, पण महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्यांचा ओटी त्यांनी काढून घेतलेला नाही. जादा तासाला दुप्पट दर कायम आहे. वगळलेत ते व्यवस्थापनातले लोक आणि ठरावीक वेतनाच्या वरचे सुपरवायझर.

तुम्ही खरोखर सुपरवायझर आहात का, हे पत्रावरून ठरत नाही. सिबा गायगी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच सांगितलंय की माणसाचं मुख्य काम बघा, जोडीला दिलेली किरकोळ कामं नव्हे. तुम्ही कोणाची रजा मंजूर करता? कोणाला मेमो देता? तुमच्या शीटवर ‘ऑपरेटर’च्या रकान्यात रोज तुमचंच नाव आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं.

समजा, तुम्हाला सुपरवायझर मानलं, तरी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत मर्यादा 18,000 रुपये वेतनाची आहे, आणि हे ‘वेतन’ म्हणजे एकूण पगार नव्हे. घरभाडे आणि प्रवास भत्ता एकूण पगाराच्या निम्म्याच्या आत असेल, तर तो वेतनात धरत नाहीत. तुमच्या स्लिपवर हे दोन्ही मिळून 9,360 आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्ता 16,640. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या आतच आहात. वेतन संहितेत मात्र हाच आकडा 15,000 आहे आणि कंपनी तोच पुढे करणार. म्हणून अर्जात कार्यस्थिती संहितेचं ओटीबद्दलचं कलम 27 नाव घेऊन लिहा.

हिशेबही मांडा. 16,640 ला 26 दिवसांनी आणि 8 तासांनी भागलं की तासाला 80 रुपये, दुप्पट 160. चाळीस तासांचे 6,400. दीड हजाराची वाढ देऊन महिन्याला एवढे काढून घेतलेत, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नको. ‘ओटी स्वखुशीनं सोडतो’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी डिसेंबरपासूनच्या सगळ्या शीट, पंचिंगच्या नोंदी आणि शिफ्ट लावल्याचे व्हॉट्सॲप मेसेज जमवा. मगच कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर त्याच पोचेसह कामगार खात्याकडे जा. हा क्रम उलटा करू नका, कारण अर्ज आत गेला की शीटवर ‘ऑपरेटर’च्या रकान्यातलं तुमचं नाव बदलायला एक शिफ्टही लागत नाही.