इंग्रजी वाचलेलं समजतं, पण बोलताना शब्द सुचत नाहीत. रोज दहा नवे शब्द पाठ करून फायदा होईल का?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी पेपर वाचून समजतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मात्र वाक्य अर्ध्यावर अडतं, म्हणून रोज दहा नवे शब्द वहीत उतरवून पाठ करताय. मी नोकरदारांचे संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेते. माझा सल्ला असा की ती वही सध्या बाजूला ठेवा. पेपर समजतो म्हणजे रोजच्या बोलण्यापुरते शब्द तुमच्याकडे आहेत. ते कुठे आणि कशाच्या जोडीने वापरायचे, ते अजून जिभेवर बसलेलं नाही.

मायकल वेस्ट नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९५३ साली ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ ही सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले साधारण ८० टक्के शब्द या यादीतलेच निघतात. त्यातले बहुतेक तुम्ही शाळेतच शिकलात.

मग अडतं कुठे? आपल्या मनात वाक्य मराठीत तयार होतं आणि त्यातल्या क्रियापदाला इंग्रजीत एकच एक शब्द नसतो. ‘लागणे’ घ्या. फोन लागत नाही: आय कान्ट गेट थ्रू. दोन तास लागतील: इट विल टेक टू अवर्स. भावाला नोकरी लागली: माय ब्रदर गॉट अ जॉब. निकाल लागला: द रिझल्ट्स आर आउट. गाडीत डोळा लागला: आय डोझ्ड ऑफ. ‘डोझ्ड’ सोडला तर यातला एकही शब्द तुम्हाला नवा नाही. तरी ‘फोन लागत नाही’ म्हणायची वेळ आली की वर्गातले दहापैकी नऊजण गप्प होतात, कारण ‘गेट’ आणि ‘थ्रू’ त्यांनी कायम वेगवेगळे पाठ केलेले असतात.

म्हणून वही मराठीकडून भरा. एका पानावर एक मराठी क्रियापद: लागणे, भरणे, सुटणे, पडणे, काढणे. त्याखाली तुम्ही स्वतः घरी-दारी बोलता ती वाक्यं लिहा आणि प्रत्येकासमोर अख्खं इंग्रजी वाक्य. फॉर्म भरताना ‘फिल इन’, बिल भरताना ‘पे’, खात्यात पैसे भरताना ‘डिपॉझिट’. सुटा शब्द लिहायचाच नाही.

‘पर्यंत’ला तर स्वतंत्र पान द्या. ‘सोमवारपर्यंत रजेवर आहे’ आणि ‘सोमवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’, मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च. इंग्रजीत रजेसाठी ‘टिल मंडे’, कारण रजा तोवर चालूच राहणार. रिपोर्टसाठी ‘बाय मंडे’, कारण ते काम त्याआधी एकदा उरकायचं आहे. ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. ‘पासून’चंही तसंच: सोमवारपासून आजारी आहे म्हणजे ‘सिन्स मंडे’, पण दोन वर्षांपासून इथे आहे म्हणजे ‘फॉर टू इयर्स’.

इंग्रजी वाक्यं मिळवायला नुसता अर्थ देणारा इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश नेटवर फुकट पाहता येतो. त्यात अर्थापेक्षा उदाहरणाची वाक्यं आधी वाचा, पटेल ते उचला, त्यात आपल्या माणसांची नावं घाला आणि मोठ्याने म्हणा. त्याच दिवशी एखाद्या मेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ते वापरता आलं तर फारच उत्तम.

कामाच्या खास शब्दांसाठी तुमच्याच ऑफिसचे जुने मेल चाळा, बाहेरची यादी नको. आणि पेपरात अवघड शब्द दिसला तर अर्थ पाहून पुढे जा. तोच शब्द पुन्हापुन्हा भेटू लागला, तरच त्याला वहीत जागा द्या.