पहिल्या नंबरवर काय लिहायचं

प्रिय बेटा,

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासाठीची तुझी दहा कॉलेजांची यादी काल रात्री नीट वाचली. अक्षर तुझं आहे, यादी तुझी नाही. पहिल्या नंबरवरचं कॉलेज नेमकं कुठे आहे असं विचारलं, तर म्हणालीस, "हिंगण्याकडे आहे कुठंतरी, सर. पण रोज जावं लागत नाही तिथं." हे तू मला सोय म्हणून सांगितलंस. तेव्हाच चिडणार होतो, पण शेजारी तुझी आई बसली होती. म्हणून आता लिहून चिडतो.

जिथे रोज जाणार आहेस तेच पहिल्या नंबरवर लिही. हे वाक्य या पत्रात परत परत येणार आहे. कंटाळा आला तरी वाच. दहावीच्या ९१.४० टक्क्यांबद्दल मी काही लिहीत नाही, ते पेढ्यांबरोबर बोलून झालंय.

आधी तुझा प्रश्न. "पहिल्या नंबरवर कोणतं टाकलं म्हणजे लागेल?" असं काही नसतं. पहिला नंबर दिला म्हणून कोणतंही कॉलेज खूश होऊन तुला आत घेत नाही. एखाद्या कॉलेजला तू पहिल्या नंबरवर आणि दुसऱ्या एखादीनं पाचव्या नंबरवर लिहिलं, तिचे मार्क जास्त आहेत आणि वरच्या चारांत तिचं काही लागलं नाही, तर ती जागा तिचीच. यंत्र फक्त मार्क, प्रवर्ग आणि रिकाम्या जागा बघतं. त्यामुळे हुशारी करून क्रम लावायचं कारणच नाही. "मोठं कॉलेज वर टाकलं तर खालचंही जाईल" ही भीतीही खोटी. वरचं नाही लागलं की यंत्र खालच्यावर येतं, तेवढंच. मनात जो क्रम आहे तोच फॉर्मवर लिहायचा, एवढी साधी गोष्ट आहे. पण मनात क्रमच नसेल तर?

आणि पहिल्या नंबरची खरी मेख पुढे आहे. दुसरं, तिसरं, सातवं कॉलेज लागलं तर ते न घेता पुढच्या फेरीची वाट बघता येते. पहिलं लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, आणि मग सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या शेवटच्या फेरीत जे उरलंसुरलं असेल ते. म्हणजे दहा रकान्यांतला हा एकच रकाना असा आहे, जिथे लिहिलेलं परत घेता येत नाही. आणि तिथेच तू असं कॉलेज लिहिलंस, ज्याचं फाटकही बघितलेलं नाही.

काऊन? तर क्लासवाल्यांनी सांगितलं म्हणून. टायअप. नाव कॉलेजात, मुलगी दिवसभर क्लासमध्ये, प्रॅक्टिकलच्या वह्या मार्चआधी आठ दिवसांत उतरवून मोकळी. २०१८ साली सरकारनं विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती याच धंद्याला आळा घालायला. किती आळा बसला ते तुझ्या यादीच्या पहिल्या ओळीवरून कळतंच आहे. बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियमही आहे, पण हजेरी कशी भरते हे मी स्टाफरूममध्ये बसून पाहिलंय. त्यावर लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

मी केमिस्ट्री शिकवायचो हे तुला आईनं सांगितलं असेल. बारावीला लेखी ७० मार्कांचं आणि प्रॅक्टिकल ३० चं. परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजांत जायचो तेव्हा ब्युरेटसमोर उभी राहिलेली पोट्टी बघायचो. क्लासमध्ये पहिली येणारी, इक्वेशन तोंडपाठ असणारी. आणि शून्याची खूण वर असते की खाली, हे तिला ठाऊक नाही. नायट्रेटची टेस्ट द्यायची, तर ॲसिड नळीच्या कडेनं हळूच सोडायचं सोडून भसकन ओतायची आणि मग तपकिरी कडं कुठे गेलं म्हणून शोधत बसायची. ते कडं नीट आलं तर दिसतं कसं, हे तिनं कधी बघितलेलंच नसायचं. मार्क मिळायचे, पंचवीसच्या वर मिळायचे, ते कसे देतात तेही मला ठाऊक आहे. पण दोन वर्षं सायन्स शिकून एकदाही ते कडं न बघितलेली मुलगी पुढे सायन्समध्ये काय करणार, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आता तू म्हणशील, इंजिनिअरिंगची ॲडमिशन सीईटीवर होते, मेडिकलची नीटवर, कॉलेजला विचारतो कोण? तुझे मामा हेच म्हणाले. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी म्हणतोय. कॉलेजचं नाव कुठेच मोजलं जात नसेल तर नावासाठी कशाला मरायचं? नाव मोजत नाहीत, तर मग जवळचं घे, जिथे लॅब उघडी असते ते घे, जिथे शिकवणारा माणूस वर्गात येतो ते घे. जिथे जाशील ते घे. सीईटीच्या पेपरात अकरावीचा वाटा साधारण २० टक्के असतो, आणि अकरावीत पाया कच्चा राहिला तर बारावीचे उरलेले ८० टक्केही डुगडुगतात. एनआयटीत जायचं तर जेईईसोबत बारावीतही ७५ टक्के लागतात, बोर्डाचे.

एनआयटीचं नाव आलंच आहे तर माझ्या मुलाचं सांगतो. तुझ्या आईनं सांगितलंच असेल, आपल्या अख्ख्या नंदनवन वस्तीला माहीत आहे. त्याच्या वर्गातली सगळी पोरं टायअपला गेली. मी त्याला घराजवळच्या अनुदानित कॉलेजात घातलं, रोज सायकलनं. त्याला व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरचं एनआयटी, मिळालं नाही. तो अजून म्हणतो, "बाबा, तुमच्या हट्टापायी गेलं." गेलं असेल. मी त्याला एकच विचारतो, टायअपला गेलेल्यांपैकी किती जण तिथे पोचले? तो नावं घेतो, दोघांची. बाकीच्यांची नावं त्यालाही आठवत नाहीत. मग त्याची आई आत बोलावते आणि विषय तिथेच थांबतो. तो आज पुण्यात बरा आहे, त्याच्या हाताला काम येतं. मशीन बिघडलं तर तो स्वतः उघडून बघतो. हे कुठून आलं? दोन वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये एका म्हाताऱ्या लॅब असिस्टंटबरोबर व्होल्टमीटर उघडत बसला, तिथून आलं. तो हे मानत नाही. त्याच्याकडे त्याचं व्हीएनआयटी आहे, माझ्याकडे माझा लॅब असिस्टंट आहे. आमचं यावर कधी मिटेल असं वाटत नाही, आणि त्यासाठी मी माझं मत बदलणारही नाही.

मला वाईट कशाचं वाटतं माहितीये? तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही की बाबू, तुला कुठे जायचंय. मी माझं ठरवलं होतं, क्लासवाल्यांनी त्यांचं. म्हणून तुला विचारतोय.

त्या दिवशी निघताना, चप्पल घालता घालता, तू हळूच म्हणालीस, "मला इलेक्ट्रॉनिक्स आवडते." कोणी ऐकलं नाही असं तुला वाटलं. मी ऐकलं. मग बायफोकल, म्हणजे सायन्ससोबत घ्यायचा व्यवसाय विषय, का नाही यादीत? इलेक्ट्रॉनिक्स २०० मार्कांचं असतं, त्यात दुसरी भाषा आणि बायोलॉजी सुटते, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स राहतात. इंजिनिअरिंगला काही आडकाठी नाही. जागा थोड्या असतात आणि नागपुरात त्यावर उड्या पडतात, पण तुझे मार्क काही वाईट नाहीत. हां, बायोलॉजी सुटली की मेडिकलचा सरळ रस्ता बंद, हे आईला आजच सांग. दोन वर्षांनी सांगशील तर जास्त रडतील. माझ्या नावावर खपवलंस तरी चालेल.

कॉलेज कोणतं, ते मी सांगणार नाही. नंदनवनहून सक्करदऱ्याचं कमला नेहरू जवळ आहे, दीक्षाभूमीचं आंबेडकर कॉलेज दूर नाही, काँग्रेसनगरचं शिवाजी सायन्स मेट्रोनं सीताबर्डीला गाडी बदलून एका स्टेशनवर. (आपल्या मेट्रोला धरमपेठ कॉलेज आणि एलएडी चौक अशी स्टेशनं आहेत, म्हणजे मेट्रोवाल्यांना तरी वाटतं की मुलं कॉलेजात जातात.) या आठवड्यात यातल्या तीन-चार ठिकाणी सकाळी कॉलेजच्या वेळेला जाऊन ये. घरून निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागतो तो बघ, पावसात बघ. फाटकावरच्या मुलींना विचार, लॅब भरते का, सर येतात का. त्या खरं सांगतात. ऑफिसात विचारू नको. अनुदानित तुकडीत मुलींना शिक्षण शुल्क नसतं, तेव्हा अनुदानित कोणती आणि विनाअनुदानित कोणती, हे मात्र ऑफिसातच विचार आणि लिहून आण.

मामा मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो म्हणतात. पाच टक्के जागा असतात तशा, कायदेशीर आहेत. पण ९१.४० घेऊन मागच्या दारानं कशाला जायचं बाप्पा? दरवर्षी नागपुरात अकरावीच्या हजारो जागा रिकाम्या राहतात. भीती दाखवणाऱ्यांना हे माहीत असतं, तरी ते दाखवतात, कारण घाबरलेला बाप लवकर चेक फाडतो.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही तर यादी बदलून परत भरता येते. रडून झालं की भर.

आणि फॉर्म चौकातल्या नेट कॅफेत भरलास म्हणाली होतीस. म्हणजे लॉगिन आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत आहे, आणि त्याच वहीत क्लासवाल्यांची माणसंही डोकावतात. फॉर्मचा भाग दोन, कॉलेजांच्या यादीचा, अजून लॉक केलेला नाहीस ना? मग पासवर्ड आज रात्रीच बदल, आणि कोणालाच सांगू नको. मलाही नाही.

तुझा,
सर