जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार?

प्रश्न : मुलाने दुबईचं तिकीट पाठवलंय. मुंबईहून सकाळी 10 ला सुटून 11.45 ला पोचतं. परतताना दुपारी 12 ला सुटून 4.30 ला. एकाच वाटेला एवढा फरक कसा? आणि सांगलीहून कधी निघावं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तिकिटावर सुटायची वेळ त्या गावच्या घड्याळाची आणि पोचायची वेळ पोचणार त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. जाताना पावणेदोन तासांत दीड मिळवा, सव्वातीन होतात. येताना साडेचारांतून दीड काढा, तीन उरतात.

राहिलेला पाव तास वाऱ्याचा. हवाई अंतर सुमारे 1,930 किमी. ताशी 850 किमी वेग धरला तर हे सव्वादोन तासांचं काम. हिवाळ्यात मात्र उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो ताशी 100 किमीने समोरून आला तर 2 तास 34 मिनिटं लागतात, पाठीशी असला तर 2 तास 2 मिनिटं. पावसाळ्यात हा वाऱ्याचा पट्टा उत्तरेला सरकतो, तेव्हा फरकही घटतो. बाकीचा वेळ जमिनीवर आणि चढण्या-उतरण्यात जातो, कारण तिकिटातला हिशेब विमान जागेवरून हललं की सुरू होतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. म्हणून विमानांची रांग लागते.

आता सांगलीचं. 10 च्या विमानाला 7 वाजता विमानतळावर हवं. गाडीने पेठ नाका, खंबाटकी, पुणे, द्रुतगती मार्ग असा साडेसात-आठ तासांचा रस्ता आहे. बोरघाटात गाड्या तुंबल्या की तासभर सहज जातो. आदल्या रात्री साडेनऊला निघा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून हे विमान धरायचा बेत मुळीच नको. सामान घ्यायची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. तिकिटावर ‘15 तारीख, 00.30’ असेल, तर सांगली 14 तारखेला दुपारी 12 पूर्वीच सोडायची. 15 च्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

आणि मुलासाठी अनारसे नेणार असाल तर थांबा. खसखशीला तिथे बंदी आहे, चार दाणेसुद्धा नकोत. गरम मसालाही खसखस न घालता कुटा. भडंग खुशाल न्या.

प्रश्न : मुंबईहून रात्री 11.30 चं विमान सिंगापूरला सकाळी 7.30 ला पोचतं. म्हणजे 8 तास बसायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर : साडेपाचच. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, ते 8 मधून वजा करा. अंतर सुमारे 3,900 किमी. तिथे उतराल तेव्हा कराडात पहाटेचे 5 वाजलेले असतील. पोचल्याचा फोन त्या हिशेबाने करा.