आधी मागणं, मग बोलणं

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकतो, म्हणजे ऐकू येतंय. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही उशिराच बोलले. अजून थांबावं का? (तासगाव)

थांबू नका. दोन वर्षांचं मूल साधारणपणे दोन शब्द जोडतं : 'पाणी दे', 'बाबा ये'. अडीच वर्षांपर्यंत एकही शब्द आला नसेल तर तपासणी लगेच हवी.

शिट्टीवरून कानाची परीक्षा होत नाही. शिट्टी मोठी असते. 'स', 'श' यांसारखे हळू आणि उंच पट्टीतले आवाज मात्र निसटू शकतात. म्हणून आधी बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करून घ्या. ती मूल झोपलेलं असताना करतात. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि मिरजेला जाताना एसटीत डुलकी लागू देऊ नका. डोकं धुऊन न्या, तेल लावू नका. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात; तेलावर ते नीट बसत नाहीत आणि नोंद खराब येते.

'जीभ चिकटलीय' म्हणून कापून आणायचीही घाई नको. जीभ अडली तर उच्चार अडतील, पण सांगितलेलं समजणं आणि बोटानं दाखवणं त्यामुळे अडत नाही. तो बोटानं दाखवतो का, हाक मारल्यावर वळून बघतो का, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद सोबत न्या.

प्रश्न : आमच्या घरी कन्नड, अंगणवाडीत मराठी. मुलीला ऑटिझम आहे. 'एकच भाषा ठेवा' असं सगळे सांगतात. कन्नड बंद करू का? (जत)

अजिबात नको. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. मात्र आई परक्या भाषेत बोलायला लागली की 'ये', 'बस', 'खा' एवढ्यावरच येते. गप्पा, लाड, अंगाई सगळं आटतं, आणि मुलीला तर तेच सगळ्यात जास्त हवं असतं. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजा. 'नीरु' येतं आणि 'पाणी' येत नाही, तर तिला पाण्यासाठी शब्द आहे.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला 'भूक लागली का?' विचारलं की तोही 'भूक लागली का?' म्हणतो. मुलगा असून 'मी जाते' म्हणतो. रागवावं का? (कराड)

रागवू नका, तो मागतोय. तुम्ही 'भूक लागली का?' म्हणता आणि पुढ्यात भाकरी येते. त्याच्या हिशोबानं हे भाकरी आणणारे शब्द आहेत. म्हणून प्रश्न कमी करा आणि त्यानं जे म्हणायला हवं तेच म्हणा : 'भूक लागली.' ताट त्याच्या नजरेसमोर धरा आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजा. बहुतेक घरांत दोनवरच कुणीतरी 'बोल की रे' म्हणतं आणि त्याची जुळवाजुळव मोडते. 'म्हण, पाणी दे' असंही सांगू नका, तो 'म्हण, पाणी दे' असं अख्खंच म्हणेल.

'मी जाते' हे आईचं वाक्य जसंच्या तसं उचललेलं आहे. त्याला वाक्य देताना आईनं 'मी जातो' म्हणावं. उलट, आपल्या भागात कितीतरी घरांत बायकाही 'मी येतो' म्हणतात. तिथल्या मुलीच्या तोंडी ते आलं तर ती घरची बोली आहे, थेरपिस्टनं चूक म्हणून नोंदवू नये.

प्रश्न : बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी) होऊन नुकतंच काम सुरू केलंय. न बोलणाऱ्या मुलांना हवी ती वस्तू मागण्यासाठी चित्रकार्डं दिली की पालक म्हणतात, 'आता तो बोलणारच नाही.' आणि मुलं कार्डं फेकून देतात. (सातारा)

पालकांना ठामपणे सांगा : कार्डांमुळे बोलणं थांबत नाही, उलट काही मुलांचं वाढतं, असंच आजवरच्या अभ्यासांत दिसलंय.

फेकण्याचं कारण पहिल्या कार्डात शोधा. ते 'शू' किंवा 'अभ्यास' असेल तर ती मोठ्यांची गरज झाली. सहा-सात वस्तू समोर ठेवा. मूल पुन्हा पुन्हा झडप घालतं ती वस्तू पहिली. समजा, कंदी पेढा. त्याचाच फोटो काढा, पाच सेंटीमीटरचा, लॅमिनेट केलेला. सुरुवातीला एकच कार्ड.

मोठी माणसं दोन हवीत. समोरची व्यक्ती पेढा दाखवते. मुलानं पेढ्याकडे हात नेला की मागची व्यक्ती, अगदी गप्प राहून, तोच हात कार्डाकडे वळवते, कार्ड उचलवते आणि समोरच्या तळहातावर ठेववते. समोरची व्यक्ती त्याच क्षणी 'पेढा!' म्हणून हरभऱ्याएवढा तुकडा देते. तुकडा मोठा झाला की चार वेळांत पोट भरतं आणि सत्र तिथंच संपतं. 'काय पाहिजे?' विचारायचं नाही, नाहीतर मूल कायम त्या प्रश्नाची वाट बघत बसतं. मागचा आधार शेवटाकडून काढत या : आधी कार्ड ठेवणं त्याचं त्याला करू द्या, मग उचलणं.

हे जमल्यावर अंतर वाढवा. दोन पावलं, मग खोलीचं दुसरं टोक, मग पाठमोरी बसलेली आजी. पाठमोऱ्या माणसाला हलवून कार्ड देणं हा मोठा टप्पा आहे, तो गाळू नका. प्रत्येक कार्डाच्या तीन प्रती करा : केंद्रात, घरी, अंगणवाडीत. घरची प्रत मुलाच्या हाताच्या उंचीवर लावायला सांगा, फ्रिजच्या वरच्या दारावर नको.